घरच्या सीएनसीचा कंट्रोल बॉक्स नव्याने बांधताना

पुण्यात घरी किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात बांधलेल्या सीएनसी राउटरची (संगणकाच्या आज्ञेने लाकूड-धातू कोरणारं मशीन) कुंडली बहुतेक सारखीच निघते. फ्रेम ॲल्युमिनियम प्रोफाइलची, नाहीतर नऱ्हे-धायरीच्या एखाद्या फॅब्रिकेटरकडून वेल्ड करून आणलेली. वर आर्डुइनो उनो (मशीनचा मेंदू, म्हणजे कंट्रोलर बोर्ड), त्यावर लाल सीएनसी शील्ड, त्यात मोटरला करंट देणारे नखाएवढे ए४९८८ ड्रायव्हर, आणि एलईडी पट्ट्यांना लावतात तो १२ व्होल्टचा सप्लाय. एमडीएफच्या नावाच्या पाट्या यावर छान निघतात. मग कोणीतरी सागवानाचा देव्हारा किंवा ॲल्युमिनियमची प्लेट घेऊन येतं आणि मशीन मध्येच स्टेप, म्हणजे मोटरची छोटी पावलं, सोडायला लागतं. इथून पुढे 'बोर्ड बदलावा का' हा प्रश्न सुरू होतो.

माझं सरळ मत आहे की पैसे आधी अर्थिंग आणि वायरिंगवर घालावेत, मग सप्लायवर, मग ड्रायव्हरवर, आणि सगळ्यात शेवटी कंट्रोलरवर. लोक नेमकं उलट करतात. नवा कंट्रोलर आणतात, जुन्याच तारा त्याला जोडतात आणि मग तेच दुखणं नव्या बोर्डावर बघत बसतात.

आधी दुखणं ओळखा

काहीही विकत घेण्यापूर्वी एक मार्कर घ्या. मोटरच्या शाफ्टवरून कपलिंगवर आणि कपलिंगवरून स्क्रूवर जाईल अशी एकच सरळ रेघ ओढा. तिन्ही अक्षांना ओढा. तासभर मशीन चालवून बघा. रेघ कपलिंगपाशी तुटलेली दिसली तर ग्रब स्क्रू घसरतोय. त्याला ॲलन की आणि थोडं लॉकटाइट पुरतं, इलेक्ट्रॉनिक्सचा काही दोष नाही.

रेघ जागेवर असेल तर पुढची परीक्षा. टूल न लावता, हवेतच, एखादा लांब जॉब पुन्हा पुन्हा चालवा आणि दरवेळी शून्यावर परत आणून डायल गेजवर आकडा लिहा. आकडा कसा चुकतो यावर सगळं ठरतं. दिशा बदलली की दरवेळी तेवढाच फरक पडत असेल, तर तो बॅकलॅश, म्हणजे जोडांमधला ढिलेपणा, आहे. तो नट आणि बेअरिंगमध्ये बसलेला असतो, कुठलाही बोर्ड तो काढू शकत नाही. स्पिंडल (टूल फिरवणारी मोटर) चालू असतानाच गडबड होत असेल तर नॉइज, म्हणजे तारांत शिरणारा विजेचा गोंधळ. अर्ध्या-पाऊण तासाने सुरू होत असेल तर ड्रायव्हर तापून मध्येमध्ये स्वतःला बंद करतोय, ए४९८८ची ही ठरलेली खोड. फक्त जोरात धावतानाच स्टेप सुटत असतील तर व्होल्टेज कमी आहे किंवा ॲक्सिलरेशन जास्त ठेवलंय.

एक प्रकार जरा फसवा असतो. आकडा दर फेरीला थोडा थोडा, पण कायम एकाच बाजूला सरकतो. बाहेरच्या ड्रायव्हरला दिशेचा सिग्नल स्टेपच्या पल्सच्या किमान ५ मायक्रोसेकंद आधी हवा असतो, डीएम५४२ या ड्रायव्हरच्या माहितीपत्रकात तसं दिलेलं असतं. जीआरबीएल, म्हणजे उनोवरचं मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, दिशा आणि पल्स जवळपास एकदमच सोडतं. त्यामुळे वळताना पहिली स्टेप जुन्याच दिशेला पडू शकते. दोन्ही वळणांवर तसं झालं असतं तर हिशेब फिटला असता, पण ड्रायव्हरमधला ऑप्टोकप्लर (सिग्नल प्रकाशाने पलीकडे नेणारा भाग) चालू लवकर होतो आणि बंद सावकाश, म्हणून चूक एकाच वळणावर होते आणि साठत जाते. ३२० स्टेप प्रति मिलिमीटरच्या मशीनवर एका जा-ये फेरीला दोन मायक्रोस्टेप (स्टेपचे बारीक भाग) गेल्या, तर शंभर फेऱ्यांत ०.६ मिलिमीटर. नक्षीकामात एवढं सहज दिसतं. यावर जीआरबीएलच्या $२ या सेटिंगने स्टेप पल्स उलटा करून बघा. त्याने ड्रायव्हर पल्सच्या शेवटच्या कडेवर चालतो आणि दिशेला स्थिर व्हायला वेळ मिळतो. नव्या कंट्रोलरमध्ये दिशेच्या विलंबाचं वेगळं सेटिंगच असतं.

जुनं उचकटण्याआधी

मोबाइलवर भरपूर फोटो काढा. प्रत्येक तारेला मास्किंग टेप लावून नाव लिहा. मशीनला $$ ही कमांड देऊन आलेली सगळी यादी कॉपी करून फाइलमध्ये ठेवा. हे पाच मिनिटांचं काम न करणारे लोक नंतर स्टेप प्रति मिलिमीटर आठवत बसतात.

एका वेळी एकच गोष्ट बदला. ड्रायव्हर, सप्लाय आणि कंट्रोलर एकाच रविवारी बदलले आणि मशीन चाललं नाही, तर शोधायचं कुठे?

कंट्रोलर कोणता

उनोला उगाच नावं ठेवतात. त्यावरचा ॲटमेगा३२८पी हा १६ मेगाहर्ट्झचा चिप आहे, रॅम २ किलोबाइट, तरी जीआरबीएल त्यातून सेकंदाला ३०,००० पर्यंत पल्स काढतं. तुम्हाला ते पुरतात का, हा हिशेब करा. २०० स्टेपची मोटर, ८ मायक्रोस्टेप आणि ५ मिलिमीटर लीडचा १६०५ बॉल स्क्रू: २०० × ८ ÷ ५ = ३२० स्टेप प्रति मिलिमीटर. मिनिटाला ३००० मिलिमीटर म्हणजे सेकंदाला ५०, म्हणजे १६,००० पल्स. आरामात बसतं. हौसेने मायक्रोस्टेप १६ केले की तेच ३२,००० होतात आणि उनो मागे पडतो. जास्त मायक्रोस्टेपने चाल गुळगुळीत होते, अचूकपणा त्या प्रमाणात वाढत नाही. ८ किंवा १० वर थांबा.

मग कंट्रोलर बदलायचा कधी? यूएसबी तुटून जॉब अर्धवट राहत असेल तेव्हा. लॅपटॉपवरून एकेक ओळ पाठवत चार तासांचा जॉब चालवताना मध्ये स्पिंडलच्या नॉइजने यूएसबी गचकली, की तो सागवानाचा फळा गेला. ईएसपी३२ या चिपवर चालणारं फ्लुइडएनसी हे सॉफ्टवेअर इथे खरं उपयोगी पडतं. फाइल एसडी कार्डवर टाकायची, जॉब तिथूनच चालतो, लॅपटॉप बंद केला तरी चालतो. वायफायवरून मोबाइलवर मशीन हलवता येतं याचं लोकांना फार अप्रूप. मला त्याहून एसडी कार्ड महत्त्वाचं वाटतं. फ्लुइडएनसीची सगळी सेटिंग्ज एका यामल फाइलमध्ये असतात. त्या फाइलमध्ये ओळींची मांडणी स्पेस देऊनच करायची, टॅब दाबलात की बोर्ड फाइल वाचायला नकार देतो.

ईएसपी३२ घेताना एक बघाच: त्याचे सिग्नल ३.३ व्होल्टचे, आणि ड्रायव्हरच्या ऑप्टोकप्लरला ५ हवेत. टेबलावर चालेल, उन्हाळ्यात मध्येच दगा देईल. बोर्डावर ७४एचसीटी जातीचा लेव्हल शिफ्टर आहे ना, हे विकत घेण्यापूर्वी विचारा.

टीन्सी ४.१ या बोर्डावरचं जीआरबीएलएचएएल (जीआरबीएलचीच मोठी आवृत्ती) आणखी वेगवान. चौथा अक्ष, इथरनेट, जास्त इनपुट हवे असतील तर तिकडे जा. लेथवर आटे पाडायचे असतील किंवा मशीन खरोखर कमाईचं असेल तर लिनक्ससीएनसी हे पीसीवरचं सॉफ्टवेअर आणि मेसाचं कार्ड. शिकायला वेळ लागतो, पण त्याच्यापुढे बाकीचे पोरखेळ आहेत. आणि ज्यांच्याकडे अजून पॅरलल पोर्टवाला जुना पीसी आणि मॅक३ हे सॉफ्टवेअर आहे त्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की मॅक३चा पॅरलल पोर्ट ड्रायव्हर ६४ बिट विंडोजवर चालत नाही. पीसी मेला की सगळंच बदलावं लागेल, तेव्हा तयारी आतापासून करा.

ड्रायव्हर आणि सप्लाय

खरा फरक इथे पडतो. नेमा २३ मोटर (तोंडाची पट्टी ५७ मिलिमीटर) साधारण २.८ ते ३ अँपिअरची असते. ए४९८८ हीट सिंक आणि पंखा लावूनही २ अँपिअरच्या वर जात नाही. म्हणजे १८.९ किलो-सेंमी टॉर्कची मोटर घेऊन तिला अर्धपोटी ठेवल्यासारखं.

बाजारात स्वस्तात टीबी६६०० मिळतो. निळ्या-काळ्या खोक्यावर ४ अँपिअर लिहिलेलं असतं, आत बऱ्याचदा त्या नावाचा चिप नसतोच, टीबी६७एस१०९ए असतो. वाईट नाही, पण या खोक्याची मर्यादा ४२ व्होल्टची. मोटर ब्रेक लावते तेव्हा उलटी वीज सप्लायकडे येते, त्यामुळे ३६ व्होल्टवर तो कडेलोटाच्या जवळ असतो. चार पैसे जास्त घालून डीएम५४२ घ्या: २० ते ५० व्होल्ट, ४.२ अँपिअरपर्यंत, डिजिटल, आणि मोटर किंचाळत नाही. फ्लॅटमध्ये मशीन असेल तर हे शेवटचं कारण पुरेसं आहे.

व्होल्टेज का वाढवायचं? मोटरच्या वेटोळ्यात करंट चढायला वेळ लागतो. वेग वाढला की तो वेळ मिळत नाही आणि टॉर्क पडतो. जास्त व्होल्टेज दिलं की करंट लवकर चढतो. किती चढू द्यायचा ते ड्रायव्हर सांभाळतो, म्हणून मोटर जळत नाही. एक जुना ठोकताळा आहे: मोटरच्या इंडक्टन्सचं (मिलीहेन्रीत) वर्गमूळ गुणिले ३२, हे जास्तीत जास्त व्होल्टेज. ३ मिलीहेन्रीला ५५ येतं. म्हणजे ३६ व्होल्ट निर्धास्त.

सप्लायचा आकार काढताना सगळ्या मोटरच्या करंटची बेरीज करून तिचे दोन-तृतीयांश धरा. वाय अक्षाला दोन मोटर, एकूण चार, प्रत्येकी ३ अँपिअर: १२ चे दोन-तृतीयांश ८. ३६ व्होल्ट, ३५० वॅटचा एसएमपीएस (पत्र्याच्या खोक्यातला सप्लाय) साधारण ९.७ अँपिअर देतो, काम भागलं. कंट्रोलरला वेगळा छोटा ५ किंवा २४ व्होल्टचा सप्लाय द्या.

खरेदी

तापकीर गल्लीत आणि बुधवार पेठेच्या त्या पट्ट्यात एसएमपीएस, कनेक्टर, रिले, फेरूल (तारेच्या टोकाला बसवायच्या नळ्या), पंखे, सगळं मिळतं. हार्डवेअर, ग्लँड, ॲलन बोल्टसाठी बोहरी आळी. कंट्रोल पॅनलचा लोखंडी डबा नवा घेऊ नका. बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा, कुठल्यातरी कारखान्यातून निघालेला डबा डिन रेलसकट (आत भाग अडकवायची पट्टी) मिळून जातो. भोसरी-चिंचवडकडे जाणार असाल तर गुरुवार टाळा, एमआयडीसीची सुट्टी.

दुकानात नेमकं बोला. नुसतं "वायर द्या काका" म्हटलंत की हातात येईल ते मिळेल. "मोटरसाठी फोर कोअर शिल्डेड, पाऊण स्क्वेअर, मल्टिस्ट्रँड" असं म्हणा. ड्रॅग चेनमध्ये घरच्या वायरिंगची जाड तांब्याची तार घालू नका, वाकून वाकून आतून तुटते आणि तुटलेली बाहेरून दिसत नाही.

अर्थिंग, आणि डबा बांधणं

पेठांमधल्या जुन्या घरांत तीन पिनांच्या सॉकेटमधली वरची पिन बऱ्याचदा शोभेची असते. ओळखायची एक खूण: एसएमपीएसच्या पत्र्याला उलटा हात लागला की बारीक झिणझिण्या. ही आतल्या फिल्टर कपॅसिटरची गळती, अर्थ नसल्यामुळे तिला जायला वाट नसते. अशा घरात मशीनचं इलेक्ट्रॉनिक्स सुधारायला घेण्याआधी लायसन्सवाल्या वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. मल्टिमीटरने फेज आणि अर्थमध्ये २३० दिसतात म्हणून अर्थिंग चांगलं असं होत नाही, मीटरला फार थोडी वीज पुरते.

डब्यात एका बाजूला २३० व्होल्ट, एमसीबी आणि सप्लाय, मध्ये ड्रायव्हर, दुसऱ्या टोकाला कंट्रोलर. मोटरच्या तारा आणि लिमिट स्विचच्या (अक्षाच्या टोकाला लावलेले स्विच) तारा एका गठ्ठ्यात बांधू नका. एकमेकांना ओलांडायच्याच असतील तर काटकोनात. शिल्डेड केबलची जाळी फक्त डब्याच्या बाजूला अर्थला जोडा, मशीनकडचं टोक मोकळं सोडून इन्सुलेट करा. सगळे अर्थ एकाच पट्टीवर आणा. एकाच्या पाठीवरून दुसरा असं साखळीने नको. मशीनची फ्रेमही त्याच पट्टीला.

मल्टिस्ट्रँड तारेच्या टोकाला फेरूल लावून क्रिम्प करा. तारेला शिसं लावून टर्मिनलमध्ये आवळू नका, शिसं दाबाखाली हळूहळू पसरतं आणि जोड ढिला होतो.

एमडीएफची धूळ पंख्यातून आत येते, आणि पावसाळ्यात तीच ओल धरते. म्हणून पंखा हवा आत ढकलणारा लावा, त्याच्यापुढे फिल्टरचा स्पंज, आणि बाहेर जायला छोटी जाळी. आत दाब असला की फटीफटीतून धूळ शिरत नाही.

आणीबाणीचं लाल बटण ड्रायव्हरचा सप्लाय आणि स्पिंडल थेट तोडणारं हवं, काँटॅक्टर या मोठ्या रिलेमार्फत. नुसतं कंट्रोलरच्या इनपुटला जोडलेलं बटण कंट्रोलर अडकला की काहीही करत नाही, आणि नेमकं तेव्हाच ते लागतं.

मोटर जोडताना

मोटरच्या चार तारांतल्या जोड्या रंगावरून ठरवू नका. मोटर सुटी असताना शाफ्ट हाताने फिरवा, मग कुठल्याही दोन तारांची टोकं एकमेकांना लावून पुन्हा फिरवा. शाफ्ट एकदम जड झाला, तर त्या दोन तारा एकाच वेटोळ्याच्या. उरलेल्या दोन दुसऱ्या. मोटर उलटी फिरली तर एका जोडीची टोकं अदलाबदल करा किंवा $३ बदला.

वीज चालू असताना मोटरची तार कधीही काढू किंवा लावू नका. ड्रायव्हर त्याच क्षणी जातो, आणि त्याला वॉरंटी मिळत नाही. यासाठीच मोटरच्या केबलला आटे असलेला, आवळून बसणारा कनेक्टर लावतात.

डीएम५४२वरच्या छोट्या स्विचांनी करंट ठरवताना टेबलात दोन रकाने असतात, पीक आणि आरएमएस. पीकला १.४ ने भागलं की आरएमएस. ३ अँपिअरच्या मोटरला सुरुवात पीक ३ च्या आसपास करा. तासाभराने मोटरला हात लावून बघा. गरम लागेल, ते ठीक आहे, स्टेपर गरमच चालते. पण हात ठेवताच आला नाही तर एक पायरी खाली या. इनेबलची तार मोकळी सोडली तरी हे ड्रायव्हर चालू राहतात. कंट्रोलरचे सिग्नल २४ व्होल्टचे असतील आणि ड्रायव्हर ५ व्होल्टचा, तर मध्ये २ किलो-ओहमचा रेझिस्टर लागतो, नाहीतर ऑप्टोकप्लर उडतो.

पहिल्यांदा वीज देताना कपलिंग सोडून ठेवा. मोटर मोकळ्या फिरू द्या. दिशा, वेग, लिमिट स्विच, लाल बटण, सगळं नीट दिसल्यावरच स्क्रूला जोडा.

लिमिट स्विच

स्विच एनसी जोडा, म्हणजे एरवी सर्किट जोडलेलं आणि दाबल्यावर तुटणारं. तार तुटली तर मशीन थांबतं. याच्या उलट, एनओमध्ये तार तुटल्याचं कळतं ते धडकल्यावरच. एनसीसाठी $५ उलटावं लागतं. होमिंगसाठी (स्विचला टेकून शून्य शोधणं) $२२, हार्ड लिमिटसाठी (स्विच लागताच थांबणं) $२१, स्विचपासून मागे यायला $२७.

जुनी सीएनसी शील्ड वापरणाऱ्यांसाठी एक गोम. ती तिसरी आवृत्ती जीआरबीएलच्या आधीच्या पिनांप्रमाणे बनलेली आहे. पुढे स्पिंडलच्या वेगासाठी ११ नंबरची पिन घेतली गेली आणि झेडचं लिमिट १२ वर गेलं. म्हणून जीआरबीएल १.१ वर झेडचा स्विच शील्डवर 'झेड' लिहिलेल्या जागी लावला तर चालत नाही, 'स्पिंडल इनेबल' लिहिलेल्या पिनांवर लावावा लागतो. किती लोकांनी चांगले स्विच यापायी फेकून दिले असतील.

स्पिंडल चालू केल्यावर विनाकारण अलार्म येत असेल तर इनपुट आणि ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून बघा. त्याने भागलं नाही तर ऑप्टोकप्लरचा बोर्ड, आणि स्विचला १२ किंवा २४ व्होल्ट. ५ व्होल्टच्या लांब तारेपेक्षा २४ व्होल्टची तार नॉइजला दाद देत नाही.

व्हीएफडी असेल तर

व्हीएफडी म्हणजे स्पिंडलचा वेग ठरवणारा ड्राइव्ह. स्पिंडलची केबल शिल्डेडच हवी आणि स्पिंडलचा बाहेरचा धातू अर्थला जोडलेला हवा. बऱ्याच आयात स्पिंडलच्या प्लगमध्ये चौथी पिन आत कुठेच जोडलेली नसते, मीटरने तपासा. २४,००० आरपीएमच्या स्पिंडलला ४०० हर्ट्झ लागतात, व्हीएफडी ५० हर्ट्झला ठेवून चालवला तर मोटर जळते. घराचा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाल्यावर वीज तोडणारा स्विच) व्हीएफडीच्या गळतीने पडू शकतो. तो काढून टाकू नका, वायरमनला विचारा. आणि व्हीएफडीचं झाकण उघडायचं असेल तर वीज बंद केल्यावर किमान दहा मिनिटं थांबा, आतले कपॅसिटर तोवर चावतात.

वेग बसवणं

स्टेप प्रति मिलिमीटर गणिताने काढा आणि $१०० ते $१०२ मध्ये टाका. बॉल स्क्रू असेल तर तोच आकडा ठेवा. व्हर्निअरने १०० मिलिमीटरला ९९.९ मोजले म्हणून आकडा खेचू नका, चूक बहुधा मोजण्यात किंवा बॅकलॅशमध्ये असते. बेल्टवर मात्र थोडं खेचावं लागतं.

मग ॲक्सिलरेशन कमी ठेवून वेग ($११० पासून) वाढवत न्या, मोटर घरघर करून थांबेपर्यंत. थांबली त्या आकड्याच्या सत्तर टक्क्यांवर या. आता वेग तसाच ठेवून ॲक्सिलरेशन ($१२० पासून) त्याच पद्धतीने. झेडला वेगळं करा, तो स्पिंडलचं वजन उचलतो. हे सगळं झाल्यावर पुन्हा तोच हवेतला जॉब आणि डायल गेज, यावेळी स्पिंडल चालू ठेवून.

पहिला खरा जॉब एमडीएफच्या तुकड्यावर: एक चौकोन, त्यात वर्तुळ. चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजा. कर्ण जुळत नसतील तर गॅन्ट्री (वरचा आडवा पूल) तिरकी आहे. वायला दोन मोटर असतील तर फ्लुइडएनसीत दोन्ही बाजूंना वेगळे लिमिट स्विच देऊन होमिंगच्या वेळी ती आपोआप सरळ करून घेता येते. वर्तुळाला चार ठिकाणी बारीक पायऱ्या दिसल्या तर बॅकलॅश.

महिनाभर चालवल्यावर एकदा वीज काढून डब्यातले सगळे टर्मिनलचे स्क्रू पुन्हा आवळा, फिल्टरचा स्पंज झटका, आणि नवी $$ यादी वायरिंगच्या कागदासोबत छापून डब्याच्या दाराच्या आतून चिकटवा. जुना उनो त्याच्या सेटिंगसकट एका पिशवीत घालून डब्यातच ठेवा, स्पेअर म्हणून.